समुद्रसपाटीचं गणित, बेंगळुरूची उंची

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे आणि इथून समुद्र रस्त्याने कुठल्याही दिशेला तीनशे किलोमीटरच्या आत नाही. तरीही स्कूबा डायव्हिंगचं वेड या शहरात चांगलंच रुजलं आहे. शनिवार-रविवारी इथल्या पोहण्याच्या तलावांत पाठीवर सिलिंडर बांधून शिकवण्या चालतात. मग मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट, पुद्दुचेरी, गोव्याचं ग्रांदे बेट, आपलं तारकर्ली, आणि रजा-पैसे जुळले की अंदमान. कोर्स झाला, थोड्या डुबक्या पदरी पडल्या की पुढचा प्रश्न ठरलेला : मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर कुठला घ्यायचा?

या प्रश्नाला मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा अल्गोरिदमच्या नावांनी सुरू होतात. कुणी ब्यूलमनची शपथ घेतं, कुणाला आरजीबीएम जास्त सुरक्षित वाटतो, कुणी सांगतं की बबल मॉडेलचे दिवस संपले. ही नावं समजून घ्यायलाच हवीत, कारण त्यांच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचं शरीरशास्त्र आहे. पण सगळं पडताळून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की, हौशी डायव्हरच्या सुरक्षिततेत अल्गोरिदमच्या नावाचा वाटा लहान असतो. त्याच अल्गोरिदमचं सेटिंग काय ठेवलं आहे याचा वाटा त्याहून मोठा. आणि बेंगळुरूत राहणाऱ्याच्या बाबतीत पाण्यातून वर आल्यानंतरचे दहा-बारा तास कुठे आणि कसे गेले, हेही तितकंच महत्त्वाचं ठरतं. त्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही.

आधी हे यंत्र मोजतं काय ते पाहू. त्याला दोनच गोष्टी खरोखर कळतात : पाण्याचा दाब आणि वेळ. १८ मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या जवळपास २.८ पट असतो. श्वासातला नायट्रोजन त्या दाबाने रक्तात आणि पेशींत विरघळत राहतो. वर येताना दाब उतरतो, विरघळलेला वायू बाहेर पडू लागतो, आणि तो फार वेगाने बाहेर पडला तर बुडबुडे होतात. सांधे दुखणं, अंगावर चट्टे, मुंग्या, तोल जाणं, क्वचित पक्षाघात. हाच डिकम्प्रेशनचा आजार, डायव्हरांच्या भाषेत बेंड्स. नायट्रोजनच्या बुडबुड्यांचं हे कारण पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच मांडलं होतं. प्रश्न उरला तो हिशेबाचा : किती वेळ, किती खोल, आणि किती सावकाश वर?

तो हिशेब पहिल्यांदा जमवला जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. ब्रिटिश नौदलासाठी बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासोबत त्यांनी बकऱ्यांवर दाबाचे प्रयोग केले आणि १९०८ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांची मुख्य कल्पना आजही प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात आहे. शरीर एकाच गतीने वायू शोषत नाही. पातळ पंचा पाण्यात टाकला की लगेच भिजतो आणि उन्हात लगेच वाळतो. गोधडी भिजायला वेळ घेते आणि वाळायला तर दोन दिवस. तसे शरीराचे काही भाग झटपट भरतात, काही संथ. हॉल्डेन यांनी पाच काल्पनिक कप्पे धरले आणि त्यांना ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांचे अर्धकाल दिले. म्हणजे पाच मिनिटांचा कप्पा पाच मिनिटांत निम्मा भरतो, पुढच्या पाच मिनिटांत उरलेल्याच्या निम्मा, असा पुढे. कुठल्याही कप्प्यातला दाब भोवतालच्या दाबाच्या दुपटीपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

या हॉल्डेनांचा मुलगा म्हणजे जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. १९३९ मध्ये ब्रिटनची थेटिस पाणबुडी बुडाल्यावर त्यांनी बंद टाक्यांत स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर दाबाचे जीवघेणे प्रयोग केले. १९५७ मध्ये ते भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलं, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. मनगटावरच्या यंत्राचा वंशवृक्ष असा आपल्या अंगणापर्यंत येतो, हे इथल्या डायव्हिंगच्या वर्गात सांगितलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हॉल्डेन यांचा दुपटीचा नियम सर्व कप्प्यांना सारखा लागू पडत नाही, हे पुढे दिसून आलं. झटपट भरणारा कप्पा जास्त ताण सोसतो, संथ कप्पा कमी. अमेरिकी नौदलाच्या रॉबर्ट वर्कमन यांनी १९६५ मध्ये प्रत्येक कप्प्याला खोलीनुसार स्वतंत्र मर्यादा दिली. तिला एम-व्हॅल्यू म्हणतात. आणि मग आले झ्यूरिखचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमन. आजच्या बाजारातली बहुतेक यंत्रं ज्याच्यावर चालतात तो झेडएच-एल१६ त्यांचा : झेडएच म्हणजे झ्यूरिख, एल म्हणजे मर्यादा, १६ म्हणजे कप्पे. अर्धकाल ४-५ मिनिटांपासून थेट ६३५ मिनिटांपर्यंत. त्याची सी ही आवृत्ती खास कॉम्प्युटरसाठी थोडी कडक केलेली आहे.

ब्यूलमन यांचं गणित बेंगळुरूकराने जरा जवळून पाहावं असं आहे, कारण ते डोंगराळ देशात घडलं. स्वित्झर्लंडमध्ये डुबक्या मारायच्या त्या उंचावरच्या तळ्यांत. म्हणून त्यांनी समुद्रसपाटी गृहीत न धरता भोवतालच्या खऱ्या दाबावरच हिशेब बसवला. प्रत्येक कप्प्याला दोन आकडे, आणि हवेचा दाब सांगितला की त्या कप्प्याची सोसण्याची मर्यादा निघते. समुद्रकिनारी, १.०१ बार दाबाला, पाच मिनिटांचा कप्पा सुमारे २.९८ बार नायट्रोजन सोसतो. ६३५ मिनिटांचा कप्पा मात्र १.२८ बारच. आपल्या शरीरात किनाऱ्यावर एरवीही ०.७५ बारच्या आसपास नायट्रोजन असतो. तेव्हा संथ कप्प्यांना मोकळीक किती थोडी आहे, ते यावरून लक्षात येईल. दिवसातून तीन-तीन डुबक्या चार दिवस ओळीने मारणाऱ्याचे हेच कप्पे हळूहळू भरत जातात, आणि पहिल्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर त्यांचा पत्ताही नसतो.

दुसरं घराणं बबल मॉडेलचं. हवाई विद्यापीठातले डेव्हिड याउंट जिलेटिनमध्ये बुडबुडे कसे वाढतात याचा अभ्यास करत होते. शरीरात सूक्ष्म बुडबुड्यांची बीजं आधीपासूनच असतात, तेव्हा वायू किती साठला याबरोबरच ही बीजं फुगू नयेत याची काळजी घ्यावी, अशी त्यामागची धारणा. त्यातून व्हीपीएम निघाला. लॉस अलामोसच्या ब्रूस वीन्की यांनी त्याच दिशेने आरजीबीएम मांडला, आणि सुंटो, मारेस, क्रेसी यांच्या यंत्रांत त्याची निरनिराळी रूपं आली. त्यातली बरीचशी मुळात हॉल्डेन पद्धतीचीच, वर बुडबुड्यांसाठी दंड बसवलेली : वारंवार डुबक्या मारल्या, मधला विसावा आखूड ठेवला, वेगाने वर आलात, तर पुढच्या डुबकीचा वेळ कापला जातो. ज्यांनी सुंटोची जुनी यंत्रं वापरली त्यांना दुसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या डुबकीत जोडीदाराच्या आधी वर यावं लागल्याचं आठवत असेल.

बबल मॉडेलने तांत्रिक डायव्हरांना एक सवय लावली : वर येताना पहिला थांबा खूप खोलवर घ्यायचा. तर्क पटण्यासारखा होता. बुडबुडा जन्मतानाच दाबून टाका. पंधरा-वीस वर्षं ही कल्पना खूप मानली गेली. मग अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने ती तपासली. सुमारे ५२ मीटर खोलीवर ३० मिनिटं काम करणारे डायव्हर. वर येण्याचा एकूण वेळ सारखा. फरक एवढाच की एका गटाचे थांबे खोलवर वाटलेले, दुसऱ्याचे उथळ पाण्यात. प्रत्येक गटात दोनशेच्या आसपास डुबक्या झाल्या. खोल थांब्यांच्या गटात आजाराचे प्रसंग दुसऱ्या गटाच्या तिपटीहून जास्त निघाले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०११ मध्ये अहवाल आला. खोल थांबताना झटपट कप्पे मोकळे होतात, पण संथ कप्पे तेवढ्यात आणखी भरून घेतात, हे त्याचं स्पष्टीकरण. या एका अहवालाने बाजाराची दिशा वळवली. मारेससारख्या कंपन्या आपल्या नव्या यंत्रांत ब्यूलमनकडे आल्या, आणि सुंटोनेही २०२४ च्या ओशन या घड्याळात ब्यूलमनच घेतला.

हा प्रयोग आपल्याला किती लागू पडतो, तेही सांगितलं पाहिजे. नेत्राणीला १५ मीटरवर पोपटमासे पाहणाऱ्या माणसाला सक्तीचे थांबेच नसतात. त्याचा पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप वेगळा. तो कुठल्याही मॉडेलमध्ये हिताचाच आहे. खोल थांब्यांचा वाद हा मुळात लांब आणि खोल डुबक्यांचा वाद. तरी त्यातून एक धडा सर्वांसाठी निघतो : गणिती मॉडेल कितीही देखणं असलं तरी माणसांवर तपासल्याखेरीज त्याचं वजन ठरत नाही.

तिसरं नाव डीसॅटचं. रेमंड रॉजर्स आणि मायकल पॉवेल यांच्या कामातून १९८८ मध्ये पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा हौशी डायव्हरांसाठीचा तक्ता आला. ओशॅनिकच्या काही यंत्रांत हा डीसॅट आणि ब्यूलमनवर बेतलेला झेड-प्लस असे दोन्ही अल्गोरिदम असतात आणि मालकाने निवडायचं असतं. डीसॅट वेळ सढळ देतो. तक्त्याप्रमाणे पहिल्या डुबकीला १८ मीटरवर ५६ मिनिटं, ३० मीटरवर २० मिनिटं.

आता सेटिंगकडे. ब्यूलमनच्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं, हे सांगणारे दोन आकडे म्हणजे ग्रेडियंट फॅक्टर. एरिक बेकर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पहिला आकडा सर्वांत खोल थांबा ठरवतो, दुसरा पृष्ठभागावर येताना किती ताण चालेल ते. सक्तीचे थांबे नसलेल्या हौशी डुबकीत दुसराच आकडा महत्त्वाचा. शिअरवॉटर आणि गार्मिन या दोन्ही कंपन्यांच्या यंत्रांत सैल, मध्यम आणि कडक अशा तीन तयार जोड्या आहेत : ४५/९५, ४०/८५ आणि ३५/७५.

या तीन जोड्यांनी वेळ किती बदलतो, ते कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. झेडएच-एल१६सी चे प्रसिद्ध आकडे घेऊन, साध्या हवेवर, दिवसाची पहिली डुबकी धरून हिशेब केला, तर १८ मीटरवर थांब्याविना मिळणारा वेळ सुमारे ५५, ४४ आणि ३४ मिनिटं येतो. ३० मीटरवर सुमारे १५, १२ आणि ९-१० मिनिटं. प्रत्यक्ष यंत्रं वर येतानाचा वेळही धरतात, त्यामुळे पडद्यावर थोडा फरक दिसेल. प्रमाण तेच राहील. एकाच कंपनीच्या, एकाच अल्गोरिदमच्या यंत्रात बटणाच्या दोन दाबांनी एकवीस मिनिटांचा फरक पडतो. उलट सैल सेटिंगचा ब्यूलमन आणि डीसॅटचा तक्ता १८ मीटरवर जवळजवळ एकाच आकड्यावर येऊन थांबतात. ‘ब्यूलमन सैल की कडक’ असं विचारणाऱ्याला म्हणूनच आधी विचारावं लागतं : कुठल्या आकड्यांवर?

माझी शिफारस स्पष्ट आहे. तिशीच्या पुढचा, आठवडाभर खुर्चीत बसून काम करणारा, रात्रभर बसमध्ये अर्धवट झोपून सकाळी पाण्यात उतरणारा डायव्हर असेल तर त्याने ३५/७५ वर राहावं. मध्यम सेटिंगच्या तुलनेत गेलेली दहा मिनिटं त्याला जाणवणारही नाहीत, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक डुबक्या नायट्रोजनच्या मर्यादेमुळे संपत नाहीत. सिलिंडरमधली हवा आधी संपते. जोडीने डायव्हिंग करणाऱ्यांनी एकमेकांची सेटिंगं आधी सांगावीत, आणि ज्याचं यंत्र कडक त्याच्या वेळेने दोघांनी वर यावं. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, घेत असाल तर यंत्रात ऑक्सिजनचं प्रमाण भरायला विसरू नये. ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्सवर १८ मीटरची डुबकी नायट्रोजनच्या दृष्टीने हवेवरच्या १४ मीटरसारखी असते. यंत्र हवेवर ठेवून नायट्रॉक्स श्वासात घेतला तर ती सुरक्षिततेची चांगली शिल्लक ठरते, फक्त ऑक्सिजनची खोलीमर्यादा तेव्हा स्वतः लक्षात ठेवावी लागते. उलटं केलं तर जिवावर बेतेल.

यंत्राला काय कळत नाही, त्याची यादी मोठी आहे. तुम्हाला पाणी कमी पडलं आहे, थंडी वाजते आहे, खाली प्रवाहाशी झगडून दमलात, काल रात्री झोप झाली नाही, यातलं काहीच बहुतेक यंत्रांना ठाऊक नसतं. साधारण चारांपैकी एका प्रौढाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनचं बारीक छिद्र उरलेलं असतं, आणि त्यातून बुडबुडे फुप्फुसाची गाळणी चुकवून धमन्यांत जाऊ शकतात. हे तर माणसाला स्वतःलाही माहीत नसतं. हौशी डायव्हरांना बेंड्स होतो तेव्हा अनेकदा कॉम्प्युटरने घालून दिलेली मर्यादा त्यांनी ओलांडलेली नसते.

खोक्यावरच्या युरोपीय मानकाच्या शिक्क्याबद्दलही गैरसमज असतो. ईएन १३३१९ हे मानक खोली आणि वेळ किती अचूक मोजली जाते एवढंच पाहतं. डिकम्प्रेशनचा हिशेब बरोबर आहे का, हा विषय त्याच्या कक्षेत येतच नाही. तो हिशेब चुकू शकतो, याचं जुनं उदाहरण उवाटेकच्या अलादिन एअर एक्स नायट्रॉक्सचं. १९९५ च्या सुमाराच्या त्या यंत्रांत दोष होता : दोन डुबक्यांच्या मधला वेळ डायव्हर किनाऱ्यावरसुद्धा नायट्रॉक्सच घेतो आहे असं यंत्र धरून चालायचं. त्यामुळे शरीरातला नायट्रोजन खऱ्यापेक्षा लवकर उतरलेला दिसायचा. ती यंत्रं २००३ मध्ये परत मागवण्यात आली.

आता घाटाकडे वळतो. बेंगळुरूचा हवेचा दाब सुमारे ०.९१ बार, किनाऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी. इथून समुद्राकडे जाताना याचा किंचित फायदाच होतो, कारण आपल्या पेशी कमी नायट्रोजनवर स्थिरावलेल्या असतात. परतीची गोष्ट उलटी. डुबकीनंतर विमानात बसायचं नाही, हे प्रत्येक डायव्हरला शिकवलेलं असतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या २००२ च्या परिषदेतून निघालेले आकडेही पाठ असतात : एका डुबकीनंतर १२ तास, अनेक डुबक्या किंवा अनेक दिवसांनंतर १८ तास, सक्तीचे थांबे घेतले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ. पण हे आकडे ज्या केबिन-उंचीसाठी आहेत ती दोन हजार फुटांपासून, म्हणजे ६०० मीटरच्या वरपासून सुरू होते. आणि आपण राहतो ९२० मीटरवर. आपलं घरच त्या पट्ट्यात आहे. अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग पुस्तिकेत डुबकीनंतर उंचीवर जाण्याचा वेगळा तक्ता आहे आणि तो एक हजार फुटांपासूनच सुरू होतो; कमी नायट्रोजन असलेल्या गटाला थांबण्याची गरज नाही, भरलेल्या गटाला तास मोजावे लागतात.

मग रविवारी डुबक्या मारून त्याच रात्री बसने परतणं धोक्याचं का? नुसती भीती घालण्यापेक्षा हिशेब करावा. १८ मीटरवर ४५-४५ मिनिटांच्या दोन डुबक्या, मध्ये एक तास, असं धरू. ब्यूलमनच्या १०९ मिनिटांच्या कप्प्यात वर आल्यावर सुमारे १.२८ बार नायट्रोजन असतो. या कप्प्याची मर्यादा किनाऱ्यावर १.४९ बार, बेंगळुरूत १.३८. सहा तासांनी त्यातला नायट्रोजन ०.८ बारवर येतो, म्हणजे बेंगळुरूच्या हवेच्या एकूण दाबापेक्षाही खाली. ६३५ मिनिटांचा कप्पाही तोवर ०.८४ च्या आसपास असतो. तेव्हा दुपारच्या आत डुबक्या संपवून रात्री निघणाऱ्याला गणित हिरवा दिवा दाखवतं.

रस्त्याचाही यात भाग आहे. मुरुडेश्वरहून होन्नावर, जोग, सागर, शिवमोग्गा या वाटेने आलात तर घाट चढूनही शिवमोग्ग्यापर्यंत तुम्ही ६०० मीटरच्या आसपासच असता. खरी उंची पुढे तुमकूरच्या बाजूला येते, आणि रात्रीच्या बसला तिथे पोहोचेपर्यंत पहाट होते. मंगळूरवरून शिराडी घाटाने आलात तर सकलेशपूरलाच साडेनऊशे मीटर गाठता. निवडीला वाव असेल तर पहिली वाट बरी. धोका वाढतो तो वेगळ्या प्रकारात. तीन दिवस ओळीने डुबक्या झाल्या आहेत, शेवटची दुपारी तीनला, आणि चारला स्वतःच्या गाडीने घाटाला लागलात. संथ कप्पे भरलेले, शरीर दमलेलं, आणि बुडबुडे आधीच तयार झाले असतील तर दाब दहा टक्क्यांनी उतरल्यावर ते आणखी फुगणार. कप्प्यांचं गणित तयार झालेल्या बुडबुड्यांचा विचार करत नाही. इथेच त्याच्या हिरव्या दिव्याची किंमत कमी होते. अशा वेळी किनाऱ्यावर एक रात्र काढावी, एवढंच मी म्हणेन. मालवणहून आंबोलीमार्गे बेळगावला जाणाऱ्यांनाही हेच लागू : दोन-अडीच तासांत माणूस ६९० मीटरवर असतो.

या प्रवासात लक्षणं ओळखणंही कठीण जातं. रात्रभर बसच्या आसनात अवघडून बसल्यावर सकाळी खांदा दुखला तर दोष बसला दिला जातो. हाताला मुंग्या आल्या तर उशीला. डुबकीनंतरच्या पहिल्या दिवसात अशी नवी दुखणी हलकी समजू नयेत. विशेषतः एकाच बाजूचा सांधा खोलवर ठणकत असेल आणि हालचालीने दुखणं कमी-जास्त होत नसेल, तर.

तेव्हा बेंगळुरूहून समुद्राकडे जाणाऱ्याने यंत्र निवडताना काय पाहावं? हवेचा दाब ते आपोआप ओळखतं का, हे पहिलं. आजची बहुतेक ओळखतात, काही स्वस्त आणि जुन्या यंत्रांत उंची हाताने भरावी लागते. घरून निघताना भरलेली उंची किनाऱ्यावर तशीच राहिली तर हिशेब चुकतो. शरीर पूर्ण मोकळं व्हायला किती तास उरले ते यंत्र दाखवतं का, हे दुसरं. विमानबंदीचा जो काटा असतो तो पुष्कळ यंत्रांत सरळ २४ तासांची उलटी गणती असते. कप्प्यांवरून काढलेला वेळ आपल्याला अधिक सांगतो. तिसरं, ग्रेडियंट फॅक्टर स्वतः भरता येतात का, आणि नाही आले तरी कंपनीने आपल्या सेटिंगचे आकडे उघड केले आहेत का. मी उघड गणिताच्या यंत्रांच्या बाजूचा आहे. यंत्र का वर बोलावतं आहे हे कळलं तर माणूस त्याचं ऐकतो.

बाकीच्या गोष्टींवर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. गढूळ पाण्यात वाचता येईल असा पडदा. चाळिशीनंतर तर मोठे आकडेच हवेत. बॅटरी घरी बदलता आली तर उत्तम, कारण आपल्याकडे सर्व्हिससाठी यंत्र दूर पाठवावं लागतं आणि त्यात मोसम निघून जातो. सिलिंडरचा दाब बिनतारी दाखवणारा ट्रान्समीटर सोयीचा, पण नवशिक्याने त्यावर पैसे घालवू नयेत. अ‍ॅपल वॉच अल्ट्रावर ओशॅनिक प्लस ॲप घालून डायव्हिंग करता येतं. त्यातही ब्यूलमनच आहे आणि ४० मीटरपर्यंतची मर्यादा आहे. वर्षातून चार डुबक्या मारणाऱ्याकडे ते घड्याळ असेलच तर नवं यंत्र घेण्याची गरज नाही. ओल्या हातमोज्यांत बटणांचं यंत्र अधिक भरवशाचं, हेही खरं. साधं, भाड्याने मिळणाऱ्या जातीचं यंत्र घेतलं तरी चालेल. भाड्याचं किंवा दुसऱ्याचं वापरायचं असेल तर पूर्ण सफरभर एकच वापरावं. सकाळी एकाने आणि दुपारी दुसऱ्याने तेच मनगटावर बांधलं, तर दुपारच्या माणसाला सकाळच्या माणसाच्या शरीराचा हिशेब मिळतो. पाण्यात उतरण्याआधी पाहायचं ते एवढंच : सेटिंग, वायूचं प्रमाण, बॅटरी.

उपचारांची माहिती खरेदीच्या वेळीच करून घ्यावी. बेंगळुरूत वायुदलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे, १९५७ पासूनची. वैमानिकांना कमी दाबाच्या कक्षात नेऊन उंचीचे परिणाम तिथे शिकवले जातात. वैमानिकाला उंचीवर होणारा बेंड्स आणि डायव्हरला होणारा बेंड्स हे एकाच रोगाचे दोन चेहरे आहेत, आणि या शहरात तो ओळखणारे डॉक्टर आहेत ही मोठी जमेची बाजू आहे. डायव्हरांच्या उपचारांचा सर्वांत मोठा अनुभव नौदलाकडे. मुंबईत कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी आणि इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहेत. जखमा भरण्यासाठी ऑक्सिजन-कक्ष चालवणारी खासगी केंद्रंही शहरांत असतात, पण त्यांचे कक्ष पुष्कळदा कमी दाबावर चालतात. बेंड्सच्या नेहमीच्या उपचारात रुग्णाला १८ मीटर पाण्याइतक्या, म्हणजे २.८ पट दाबावर न्यावं लागतं आणि शुद्ध ऑक्सिजनवर जवळपास पावणेपाच तास लागतात. तेव्हा केंद्राला फोन करून दोनच प्रश्न विचारावेत : किती दाबापर्यंत जाता, आणि डायव्हरला घेता का?

तोवर प्रथमोपचार म्हणजे शंभर टक्के ऑक्सिजन, आडवं झोपवणं आणि पाणी. आणि कॉम्प्युटर रुग्णासोबत द्यावा. त्यात प्रत्येक डुबकीची खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग नोंदलेला असतो. रुग्णाला धड सांगता येत नसलं तरी डॉक्टरला तो आलेख वाचता येतो. काही यंत्रांत बॅटरी काढली की कप्प्यांचा हिशेब पुसला जातो, म्हणून तपासणी होईपर्यंत बॅटरीला हात लावू नये.